दाजींचं विरजण

दाजींनी आयुष्यातली सत्तावीस वर्षं एका शीतगृहात काढली. बटाटे, सफरचंदं, फुलांचे गठ्ठे, कसल्या कसल्या पेट्या तिथे येत, आणि त्यातलं काहीही सडू नये एवढ्याचसाठी दाजींना पगार मिळे. अंगात दोन स्वेटर, कानांवर पट्टी, हातात नोंदवही. एखादी पेटी नरमली तरी घरात कुणी अंथरूण धरल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. आणि हाच माणूस उतारवयात शहराच्या कडेला एका आवारात उभा राहून, टेम्पोभर गवत नीट कुजतंय की नाही या काळजीने अर्धा झालेला दिसायचा. नशिबाला थट्टेची लहर आली की ते कुणाचं वय बघत नाही.

आवार बागकामाच्या धंद्याचं होतं आणि धंदा दोन बहिणींचा. थोरली म्हणजे दाजींची बायको. धाकटी तिच्या पाठची, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. ती त्यांना दाजी म्हणायची म्हणून टेम्पोचा ड्रायव्हर म्हणायला लागला, ड्रायव्हरचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, आणि बघता बघता ते सगळ्यांचेच दाजी झाले. थोरली तेवढी कधी म्हणाली नाही. ती "अहो" म्हणायची. त्या एका "अहो"त जेवायला या, गप्प बसा, हे जरा धरा, आणि आज बरे दिसताय की, असे सगळे अर्थ मावायचे, आणि कुठला कधी ते दाजींना बरोबर कळायचं.

बहिणींनी सुरुवात केली ती दोन कात्र्या आणि एका हातगाडीवर. लोकांच्या बागा राखायच्या, म्हणजे कुंपणं कापायची, गवत कापायचं, फांद्या छाटायच्या. हे काम करणारे आणखीही होते, पण कापलेलं सगळं ते रस्त्याच्या कडेला लोटायचे, नाहीतर काडी लावून मोकळे व्हायचे. थोरलीला ते बघवायचं नाही. "एकाचं अंगण झाडायचं आणि दुसऱ्याच्या दारात टाकायचं, ह्याला काय काम म्हणायचं?" असं म्हणत तिने हे आवार घेतलं आणि तिथे एकच कायदा केला. बागेतून जे आलं ते आवारातून कचरा म्हणून बाहेर जाणार नाही. जाड फांद्या यंत्रात घालून त्यांचा चुरा करायचा आणि तो झाडांच्या बुडाशी पसरायचा. प्लास्टिकच्या कुंड्या धुऊन, मापाप्रमाणे एकात एक बसवून रोपवाटिकेला परत द्यायच्या. फाटलेल्या रबरी नळीच्या पट्ट्या कापून त्यांनी रोपं काठीला बांधायची, म्हणजे दोरी सालीत रुतत नाही. रोगट आणि काटेरी वेगळं. आणि बाकी गवत, पानं, वाळकी फुलं, सगळं जुन्या फळ्यांच्या चार कप्प्यांत. तिथे त्याचं खत व्हायचं आणि ज्या बागांतून आलं त्याच बागांना गोण्यांतून परत जायचं.

शीतगृह बंद पडलं तेव्हा दाजी घरी बसले. नुसते बसले असते तर चाललं असतं. पण ते घरातला फ्रिज दिवसातून दहादा उघडायचे, आतल्या भाज्या उंचीप्रमाणे लावायचे, आणि दुधाच्या भांड्याला हात लावून मान हलवायचे. थोरलीने हे महिनाभर सोसलं. मग एका सकाळी त्यांना गमबूट घालायला लावले आणि आवारात आणून उभं केलं. दाजींनी नाकाला रुमाल लावला.

"हे सडतंय," ते म्हणाले.

"सडत नाही, कुजतंय. सडतं ते कुणी बघत नाही म्हणून. कुजवायचं असलं तर रोज बघावं लागतं."

मग तिने एका जुन्या ढिगातून दोन बादल्या भरल्या, ओल्या गोणपाटाने झाकल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या. हे ढिगाचं विरजण, ती म्हणाली. नवा ढीग रचताना प्रत्येक थरावर ह्यातलं मूठ मूठ भुरभुरायचं. आधीच्या ढिगातलं ह्यात, ह्यातलं पुढच्यात. मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

"आणि नाही घातलं तर?"

"तर ढीग थंड पडेल. बसा मग गवताकडे बघत."

दाजींच्या ताब्यात कुणी काही दिलं की ते त्यात जीव ओतायचे. त्यांनी बादल्यांवर रंगाने आकडे काढले. विरजणाला ऊन लागायचं नाही, ते सुकायचं नाही, चिकट व्हायचं नाही. ढीग रचून झाला की तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी लोखंडी सळई त्याच्या पोटात खुपसायची, शंभर अंक म्हणायचे, सळई बाहेर काढून मुठीत धरायची. धरवली नाही, तर ढीग झकास तापला. धरवली, तर दाजींना त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही. धाकटी त्यांना "दह्याचे मॅनेजर" म्हणून चिडवायची. थोरली चिडवायची नाही. ती ड्रायव्हरला फक्त बजावायची, "नव्या ढिगाला ह्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही हं." हे ऐकलं की दाजी उगीचच गोणपाट झटकायचे आणि दुसरीकडे बघायचे. त्यांना फार बरं वाटायचं.

अशी पंधरा वर्षं गेली आणि मग थोरली गेली. छातीचं दुखणं निघालं आणि सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. त्यातल्याच एका दिवशी, अंगात ताकद नसताना, ती हट्टाने आवारात आली होती. खुर्चीवर बसून तिने तिसऱ्या कप्प्यातला ढीग स्वतःच्या देखरेखीखाली रचून घेतला, आणि विरजण त्या दिवशी तिने आपल्या हाताने टाकलं. दाजी बादली धरून उभे होते. मूठ भरली की ती जरा दम खायची, मग पुढची मूठ.

माणूस गेलं की घरातून हळूहळू त्याच्या वस्तू जातात. तिचे कपडे धाकटीने नेले, चष्मा कुणातरी गरजूला दिला, औषधांच्या बाटल्या धुऊन भंगारात गेल्या. दाजींनी एका शब्दानेही अडवलं नाही. लोकांना वाटलं, दाजी मोठे धीराचे. धीराबिराचं काही नव्हतं. तिसऱ्या कप्प्यातल्या ढिगातून त्यांनी दोन बादल्या काढून चौथ्यात घातल्या होत्या, चौथ्यातल्या पुन्हा पहिल्यात. तिच्या हातचं विरजण पुढे पुढे चाललं होतं. सकाळी सळई तापून यायची, मुठीला चटका बसायचा, आणि दाजींना वाटायचं, आहे. इथे आहे.

धाकटीने एकदा चाचपून बघितलं. "दाजी, चार वर्षं झाली. दोन बादल्यांतल्या दोन बादल्यांतल्या दोन बादल्या. त्यात आता ताईच्या हातचं कितीसं उरलं असेल?"

"विरजण उरत नसतं," दाजी म्हणाले, "ते पुढच्याला आपल्यासारखं करत जातं."

 धाकटी नळ बंद करायला निघून गेली.

दाजींना थोरलीची आठवण यायची म्हणजे काही मोठं आठवायचं नाही. मोठे प्रसंग माणूस चारचौघांत सांगून सांगून गुळगुळीत करून टाकतो. त्यांना आठवायचं ते तिचं कोपरापर्यंत बाह्या दुमडणं. चहाचा कप ढिगाच्या फळीवर ठेवून विसरणं आणि मग "कुणी नेला?" म्हणून साऱ्या आवाराला धारेवर धरणं. आणि भांडणं. थोरली भांडायला पक्की होती. चूक तिची निघाली तरी शेवटचा शब्द तिचाच. दाजी भांडणात कायम हरले, आणि आता सकाळी गोणपाट उचलताना त्या हरण्यासाठी त्यांचा जीव तुटायचा. घरात कुणी विरोधात बोलणारंच उरलं नव्हतं. सगळं त्यांच्या मनासारखं व्हायचं आणि ते त्यांना सहन व्हायचं नाही.

आता चूक कशी झाली ते सांगायला हवं.

थोरलीचा आणखी एक दंडक होता. कुठल्याही फाटकातून गवत उचलायच्या आधी विचारायचं, "ह्याच्यावर काही मारलंय का?" गवतातलं तण मारायची काही औषधं अशी असतात की गवताला काही होत नाही, पण रुंद पानांच्या झाडांचा ती घात करतात, आणि ढिगाच्या आचेतही मरत नाहीत. प्रश्न साधा, चार शब्दांचा. दाजी तो प्रत्येक फाटकात विचारायचे. फक्त एका फाटकात विचारायचे नाहीत. दाताचे डॉक्टर बहिणींचं पहिलं गिऱ्हाईक. त्यांना एकोणीस वर्षं विचारलं होतं आणि एकोणीस वर्षं उत्तर "छे हो" असंच आलं होतं. आपल्या माणसाला दरवेळी तेच विचारायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं, असं दाजींना अलीकडे वाटायला लागलं होतं. आणि नेमका याच वर्षी डॉक्टरांचा मुलगा राहायला आला. त्याला हिरवळीत पिवळी फुलं खपत नव्हती.

तीन फेऱ्या गवत डॉक्टरांकडून आलं, ते सगळं पहिल्या कप्प्यात गेलं. त्यातलं विरजण दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, तिसऱ्यातलं चौथ्यात. इथे या माणसांची एक गंमत बघा. खत गोणीत भरण्याआधी त्याची परीक्षा व्हायची. तीन कुंड्यांत घेवड्याचे तीन दाणे लावायचे आणि पानं सरळ आली की मगच गोण्या शिवायच्या. पण विरजणाची परीक्षा कधी कुणी घेतली नव्हती. विरजणाची परीक्षा घ्यायची असते असं दाजींच्या स्वप्नातही आलं नसतं.

पहिल्या कप्प्याचा घेवडा उगवला आणि त्याची पानं मुठी आवळल्यासारखी गुंडाळून आली. धाकटीने कुंडी उचलून उजेडात धरली. मग चारही कप्प्यांतलं थोडं थोडं घेऊन बारा कुंड्या लावल्या. दहा दिवस आवारात कुणी हसलं नाही. दाजी दर तासाला कुंड्यांपाशी जायचे, आणि ड्रायव्हर त्यांच्यामागे जाऊन म्हणायचा, "दाजी, बघून लवकर नाही उगवत."

बारा कुंड्या, बारा आवळलेल्या मुठी.

दाजी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर बिचारे ओशाळून गेले. "अहो, सांगितलं असतं की. तुम्ही विचारलंच नाहीत."

दाजी परत येईपर्यंत त्या वाक्याने त्यांना पोखरून काढलं होतं. एका कप्प्यात आलेलं विष चारही कप्प्यांत नेलं कुणी? दाजींनी. कशाने? थोरलीच्या विरजणाने. मूठ मूठ, थराथरावर, जिवापाड जपून. त्यांना आवाराच्या फाटकातून आत जायची लाज वाटली. ते बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले, शेवटी धाकटी बाहेर आली.

"सगळं काढायचं," ती म्हणाली. "चारही कप्पे घासून धुवायचे. फुटबॉलच्या मैदानाच्या माणसाशी बोलले मी. सगळं खरं सांगितलं त्याला. गवताला ह्याने काही होत नाही, तो मैदानावर पसरून घेईल. वर्षा-दोन वर्षांत मातीत जिरून जाईल. तोवर तिथलं कापलेलं गवत आपल्याकडे आणायचं नाही, एवढं लक्षात ठेवायचं."

"एक बादली ठेवू," दाजी म्हणाले.

"दाजी."

"एकच. कोपऱ्यात ठेवू. कशात घालणार नाही. नुसती राहू दे."

धाकटी फटकळ होती, पण दगड नव्हती. ती त्यांच्याशेजारी कट्ट्यावर बसली. "तुम्ही ती कशात घातल्याशिवाय राहाल का? खरं सांगा. माझ्याकडे बघून सांगा."

दाजींनी तिच्याकडे बघितलं नाही. ते खोटं बोलायला कच्चे होते.

"ताई असती तर काय केलं असतं?" धाकटी म्हणाली.

हे विचारायला नको होतं. थोरली असती तर तिने पहिलं फावडं स्वतः मारलं असतं, आणि दाजींना इतकं फैलावर घेतलं असतं की तीन गल्ल्यांपलीकडे ऐकू गेलं असतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. दोन दिवसांत कप्पे रिकामे झाले. शेवटची खेप निघाली तेव्हा दाजी टेम्पोच्या मागे उभे होते, आणि ड्रायव्हरने न सांगता गाडी हळू चालवली.

पण दाजी असे हार मानणारे नव्हते. त्यांच्या डोक्यात आलं, गेल्या वर्षीच्या गोण्या चांगल्या होत्या. त्या ज्यांच्याकडे गेल्या त्यांच्याकडे थोडं तरी शिल्लक असेल. एक बादली मिळाली तरी पुरे, खंड पडायचा नाही. त्यांनी गोण्या कुणाकुणाला गेल्या ते काढलं आणि रिकामी बादली घेऊन सायकलवर निघाले. दिलेलं परत मागायला जाणारा माणूस कसा दिसतो ते ज्याने पाहिलंय त्याला दाजी कसे दिसत होते ते सांगायला नको.

बेकरीवाल्याने आपली गोणी गच्चीवरच्या पिंपांत ओतून वर विकतची माती घातली होती. "काय मस्त वांगी आली, दाजी!" तो म्हणाला आणि दोन वांगी बादलीत टाकू लागला. पुढच्या घरी माणसंच बदलली होती. त्याच्या पुढच्या घरी गोणी होती, गॅरेजच्या कोपऱ्यात, तोंड शिवलेली. दाजींनी बादली खाली टाकली. उचलून बघतात तर हलकी. आत सिमेंटच्या रिकाम्या कागदी पिशव्या भरून ठेवल्या होत्या.

शेवटी उरल्या ग्रंथपाल बाई. एकट्या राहणाऱ्या, निवृत्त, पुस्तकाला कव्हर घालावं तसं बोलणं नीट घडी घालून बोलणाऱ्या. त्यांनी दाजींचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना मागच्या दारी नेलं. भिंतीशी एक लिंबाचं झाड होतं, दाजींच्या उंचीचं, काळपट हिरव्या पानांचं.

"सगळं ह्याला घातलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्यासाठीच दिलं होतंत ना? ठेवून काय करायचं होतं?"

दाजी झाडाकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, बुंध्याजवळची माती हवी तर उकरून न्या. दाजींनी नको म्हणून मान हलवली. त्यांनी बोटांनी थोडी उकरून पाहिली होती. ती आता माती होती. मुळांनी तिला केव्हाच आपलंसं करून टाकलं होतं. बाईंनी चहाचं विचारलं. दाजी नुसते हात जोडून निघाले, आणि सायकल हातात धरून चालत आले.

दुसऱ्या दिवशी धाकटीने फळ्यांवर थाप मारली. "रिकाम्या कप्प्यांकडे बघून बागा राखायच्या का? गवत येऊन पडलंय, विचारून आणलंय, दर फाटकात मी स्वतः विचारलंय. रचा."

"कशावर रचू? विरजण कुठाय?"

"तसाच रचा."

दाजींनी तसाच रचला. खाली फांद्यांचा चुरा, मग वाळकी पानं, मग हिरवं गवत, मग पाणी, पुन्हा पानं. हात दर थराला सवयीने बादलीकडे जायचा आणि हवेत थांबायचा. ढीग छातीएवढा झाला. त्यांनी वर गोणपाट घातलं, थोपटलं, आणि मनात जे आलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. ढीग थंड पडावा, असं त्यांना वाटत होतं. मनापासून वाटत होतं. तो थंड पडला तर थोरली जे म्हणाली होती ते खरं. तर मग एकोणीस वर्षं जे तापत होतं, त्यातल्या शेवटच्या चार वर्षांतही ती होती. आणि तापला, तर ती कधीच नव्हती. तर ती चार वर्षांपूर्वी गेली ती गेलीच.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाजी सगळ्यांच्या आधी आले. सळई खुपसली. शंभर म्हणायचे ते दीडशे म्हटले, कारण ओढून काढायचा धीर होईना. मग काढली आणि मुठीत धरली.

धरवली नाही.

धाकटीने लांबूनच विचारलं, "काय म्हणतो?"

"थंड," दाजी म्हणाले.

चौथ्या दिवशी गोणपाटाच्या कडेने वाफ दिसायला लागली होती. दाजींनी त्यावर दुसरं गोणपाट घातलं, थंडीतल्या माणसाला पांघरूण घालावं तसं. "काय म्हणतो?" "थंडच आहे अजून." ड्रायव्हर वाफेकडे बघत होता. त्याने दाजींकडे पाहिलं, मग टायरमधली हवा बघायला खाली बसला. टायरमध्ये हवा चांगली होती.

पाचव्या दिवशी धाकटी ढिगापाशी आली. काही न विचारता तिने दोन्ही गोणपाटं दूर केली आणि कोपरापर्यंत बाही दुमडून हात आत घातला. लगेच बाहेर काढला. हात लाल झाला होता. वाफेचा लोट दोघांच्या मधून वर गेला.

"कधीपासून?"

"परवापासून," दाजी म्हणाले. मग त्यांचा चेहरा आवरेना. "धाकटे, तिच्याशिवाय तापला गं. काहीच घातलं नव्हतं, तरी तापला."

धाकटी हात झटकत उभी राहिली. ओरडेल असं वाटलं होतं, ती ओरडली नाही. "तिसऱ्या दिवशी तापतो हे मला काय ठाऊक नाही?" ती म्हणाली. "मी तरी कुठे आले बघायला? लांबून विचारत होते. तुम्ही थंड म्हणालात, मला बरं वाटलं."

दाजींनी खाली पडलेलं गोणपाट उचललं.

"तुला ठाऊक होतं? तापणार म्हणून?"

"दाजी, हिरवं, वाळकं आणि पाणी. नीट रचलं की ढीग तापतो. कशाची गरज नसते. तुम्ही यायच्या आधी आम्ही दोघी दीड वर्ष ढीग लावतच होतो की. तेव्हा कुठे होतं विरजण?"

दाजींना समजायला वेळ लागला.

"मग ते...?"

"ते ताईने तुमच्यासाठी काढलं. मी म्हटलं होतं तिला, अगं, काय थापा मारतेस बिचाऱ्याला. तर माझ्यावरच उखडली. म्हणाली, सांगशील तर खबरदार. महिनाभर फ्रिजची उघडझाप करत होते, आज पहिल्यांदा सकाळी माझ्याआधी उठून बसलेत. त्यांना वाटू दे की त्यांच्यावाचून काही तापत नाही."

दाजी मागच्या उलट्या पिंपावर बसले. एकोणीस वर्षं. आकडे घातलेल्या बादल्या, ओली गोणपाटं, उन्हापासून जपणं, मूठ मूठ. आणि ती रोज तिथेच उभी राहून बघायची, ड्रायव्हरला बजावायची, आणि चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलू द्यायची नाही. आजारपणात, खुर्चीवर बसून, दम खात खात स्वतःच्या हाताने टाकलं तेव्हासुद्धा नाही. तेव्हा तरी सांगायचं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याबरोबरच राग आला, चांगला सणसणीत राग, चार वर्षांत आला नव्हता असा.

"फसवलं मला," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं! अगं, चारचौघांत सांगत फिरलो मी. शेतकी खात्याच्या साहेबाला सांगितलं! असं वागतं का कुणी नवऱ्याशी? आज असती ना, तर सोडली नसती. सगळ्या आवारासमोर विचारलं असतं."

"मग माझ्याशी भांडा," धाकटी म्हणाली. "मीही होतेच की सामील. भांडा, बोला काय बोलायचं ते."

दाजींनी गोणपाटाच्या कोपऱ्याने डोळे पुसले आणि मान हलवली.

"तुझ्याशी भांडून काय करू," ते म्हणाले. "तू ऐकून घेतेस."